उत्तर राहिलेली झडती

परनाली गेली हे तिच्या बापानं, देवरावनं, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी गोठ्यात बैलाच्या खुरात रुतलेली काच काढत बसलो होतो. आषाढ संपत आला होता, सकाळचे आठ वाजले असतील. फोन कान अन् खांद्याच्या मधात दाबून धरला होता, खूर दोन्ही हातांत. देवराव म्हणाला, "आबाजी, परनाली गेली." मी विचारलं, "कुठी?" ... कारण दवाखान्यातून सुट्टी झाली की आठ दिवस उमरखेडला मावशीकडे जाईन, असं तिनं मला चारच दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मला वाटलं, गेली पोट्टी परस्पर. देवराव काही बोलेना. मी अजूनच चिडलो, "अबे, मले न सांगता कशी गेली?" मग फोनमध्ये मागून बाईमाणसाचं रडणं ऐकू आलं ... अन् तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हातातून खूर सुटला. काच तशीच राहिली. मेलेल्या पोरीच्या बापाला मी विचारलं, कुठं गेली, कशी गेली म्हणून.

तिचं खरं नाव प्रणाली. वय पंचवीस. माझं शहात्तर. ते नाव माझ्या तोंडात कधी नीट बसलंच नाही. मी परनाली म्हणायचो, अन् घाईत असलो की त्याची परनाळी व्हायची, छपराचं पाणी जिच्यातून खाली पडते ती. ती म्हणायची, "आबाजी, मी का तुमच्या छपराले टांगेल हाओ का?" पण तिच्या घरचेही नंतर परनालीच म्हणायला लागले. सारं गाव मला आबाजी म्हणते, तीही म्हणायची. नात्यागोत्यानं आम्ही एकमेकांचे कोणीच नव्हतो. बाभुळगाव तालुक्यातलं आमचं गाव काही मोठं नाही, तरी एकवीस वर्षं ती गावाच्या त्या टोकाला अन् मी या टोकाला, एवढीच ओळख. देवरावची बिमार पोट्टी, असं तिला सारे म्हणत, मीही म्हणत होतो. तिला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, नसांत अडकतात अन् मग हाडं अशी दुखतात की माणूस भिंतीवर डोकं आपटते. मला हे काही समजत नव्हतं. मी शिकलो चौथीपर्यंत. तिनंच एक दिवस माझ्या गोठ्यातला विळा उचलून दाखवला अन् म्हणाली, "हा असा आकार. असे लाखो इळे माह्या अंगात फिरून राह्यले. आता समजलं का?" समजलं.

आमची खरी गाठ पडली ती चार वर्षांपूर्वी, शहरातल्या एका दवाखान्यात. माझी बुढी, सुभद्रा, तिथं भरती होती. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. समोरच्या खाटेवर ही पोरगी. तिला कळा आल्या की ती ओरडायची, सारा वॉर्ड हलवायची. पाचव्या-सहाव्या दिवशी माझं टाळकं सरकलं. माझा स्वभाव गोड नाही, हे लपवायचं कारण नाही. मी तिच्या खाटेजवळ जाऊन म्हटलं, "काय वं पोट्टे, कायले एवढी बोंबलून राह्यली? इथं दुसरेही बिमार हायेत." ती घामानं भिजली होती, ओठ पांढरे पडले होते. तशातही ती म्हणाली, "दुखते तं बोंबलीन. तुम्ही कान घरी ठेवून याचे होते." अन् आमची बुढी, जिनं आठ दिवसांत डोळा वर करून पाहिलं नव्हतं, ती हसली! पदर तोंडाला लावून हसली. मग तिला म्हणाली, "याचं मनावर नको घेऊ माय. हा मानूस पोळ्यात झडत्या म्हन्ते, घरातबी तसाच बोलते." पोरीनं माझ्याकडे वरून खालून पाहिलं. "झडत्यावाले आबाजी ना तुम्ही? मंग हाना ना एक. दुखनं तं तसंबी दुखतेच."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. तोरण सुटायच्या आधी एकमेकांवर यमक जुळवून टोमणे मारायचे, ओरडून, साऱ्या गावासमोर. ती झडती. एकानं हाणली की ज्याच्यावर हाणली त्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. आमच्या गावात एक रीत जास्तीची आहे: ज्याला उत्तर देता आलं नाही त्यानं आपली जोडी बाजूला घ्यायची अन् समोरच्याची पुढं जाऊ द्यायची. मी चाळीस वर्षं झडत्या म्हटल्या. माझी जोडी एकदाही बाजूला सरकली नाही. त्याचा मला भल्ला माज होता. तर त्या दिवशी वॉर्डात, दोन खाटांच्या मधात उभा राहून, मी हळू आवाजात म्हटलं,

"दवाखान्याचं वरन, वरनात दाना एक,
दाना पकडाले धावले बाविस जनं एकामागं एक!"

मला वाटलं, पोरगी हसेल अन् गप बसेल. तिनं डोळे मिटले, दात आवळून एक कळ जाऊ दिली, अन् डोळे न उघडताच म्हणाली,

"दाना गेला पळून, बसला मिशीत लपून,
आबाजी म्हन्ते उपाशी, अन् मिशा चाटते जपून!"

सारा वॉर्ड खो खो हसला. नर्सबाई धावत आली अन् मला बाहेर काढलं. जाता जाता बुढी म्हणाली, "जवाब द्या ना आता!" ... मला उत्तर सुचलं ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर. चाळीस वर्षांत कोणत्या बाप्यामाणसाला जमलं नाही ते त्या खाटेवरच्या पोरीनं केलं होतं. पण दवाखाना काही तोरण नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेची मी वाट पाहत होतो, हे मात्र खरं. त्यानंतर रोज चालायचं आमचं. कळ यायला लागली की ती हात वर करायची, मी समजून जायचो. माझी झडती, तिचं उत्तर, पुन्हा माझी. उत्तर जुळवण्यात तिचं डोकं गुंतलं की ओरडणं कमी व्हायचं. दुखणं कमी होत नव्हतं, ते तिनंच सांगितलं. "दुखते तेवढंच, आबाजी. फक्त त्याच्याकडं पाहाले मले टाइम नाई राहत."

बुढी त्याच महिन्यात गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले, लेक अन् सून त्यांच्या नोकरीच्या गावाला गेले. चला म्हणत होते, मी गेलो नाही. पहिले पंधरा दिवस येणारा जाणारा चार शब्द सांत्वनाचे बोलायचा अन् मला ते मच्छरासारखे वाटायचे. परनाली त्यांच्यात आली नाही. ती आली सारं शांत झाल्यावर, एक दिवस दुपारी. मी चुलीवर भाकर टाकली होती. ती दारात उभी राहिली अन् म्हणाली, "आबाजी, भाकर जळून राह्यली."

"मले दिसते."

"मंग पलटवत काहून नाई?"

मी म्हटलं, "थापाले शिकलो. पलटवाची केव्हा ते बुढी सांगे, 'आता' म्हने." ... आत येऊन तिनं ती भाकर पलटवली, काळीठिक्कर झालेली, अन् अर्धी स्वतः खाल्ली, चुनासंगं, म्हणजे पिठल्यासंगं. मग विचारलं, "आजीचं नाव काय होतं?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिले नावानं हाका मारत होते का?" मी म्हटलं, नाही. बावन्न वर्षांत एकदाही नाही. आधी 'अवं' म्हणत होतो, मग लेकाची माय म्हणून, मग बुढी. दवाखान्याचा कागद भरताना पहिल्यांदा तिचं नाव माझ्या तोंडून निघालं. परनाली म्हणाली, "मंग आता घ्या. घरात कोनी नाई ऐकाले." दुसरं कोणी असं म्हटलं असतं तर मी उठवून लावलं असतं. ती गेल्यावर मी घेतलं नाव. मोठ्यानं. त्या दिवशी मी बुढीसाठी पहिल्यांदा रडलो.

तेव्हापासून आमचा नेम पडला. ती बी.ए. झाली होती, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची, दाखले काढून द्यायची. चार वाजता सुटली की माझ्या ओट्यावर यायची. ओट्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला खांबाला पाठ लावून ती. खांबाला पाठ लावली की कंबर कमी ठणकते म्हणायची. गावानं आधी दात काढले. एकानं मला तोंडावर म्हटलं, "आबाजी, या वयात मैत्रीण जमवली तुम्ही." मी म्हटलं, "तुले तं या वयातबी कोनी जमलं नाई, ना मैत्रीण ना मित्र." मग गप झाले. तिच्या बिमारीला पाणी फार लागायचं, दिवसभर पीत राहावं लागे, अन् ती हटकून विसरायची. म्हणून मी वावरात जाता-येता पंचायतीच्या खिडकीतून ओरडायचो, "पानी पेली का वं?" आतमध्ये दाखल्यासाठी दहा माणसं उभी असली तरी. ती म्हणायची, "पेली! तुम्ही दाढी केली का?"

एकदा तिला पाहायला पाहुणे आले होते. ती त्या दिवशी संध्याकाळी आली अन् पाय हलवत बसली. मी विचारलं, काय झालं. "काय होते! बाबानं सिकल हाये म्हणून सांगून देलं. चहा अर्धा ठेवून उठले. पोहे मात्र पुरे खाऊन गेले." मी हसलो नाही. ती म्हणाली, "हसा ना, आबाजी. मी दुपारपासून ही गोठ तुमच्यासाठी जपून ठेवली." मग हसलो. दोघंही हसलो. तिचं हसणं आधी थांबलं, अन् ती म्हणाली, "लगन नाई झालं तं चालते मले. पन एक गोठ तं अशी व्हावी का सारं गाव माह्याकडं पाहून राह्यलं, अन् बिमार पोट्टी म्हणून नाई पाहून राह्यलं."

ती गोष्ट कोणती, ते मला माहीत होतं. तिनं तीन वर्षांपासून एकच गोष्ट मागितली होती. पोळ्यात तोरणाखाली उभं राहून झडती म्हणायची.

इथं मला जे लिहायचं आहे ते लिहायला हात होत नाही. पण नाही लिहिलं तर बाकीच्याला काही अर्थ नाही. बायका आमच्याकडे पोळ्याला माळवदावर, छतावर उभ्या राहून पाहतात. बैल घरी आला की त्याचे पाय धुतात, ओवाळतात. तोरणाखाली बाप्ये. असं कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. पहिल्या साली तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बाया नाई म्हनत झडती." ती म्हणाली, "काहून?" मी म्हटलं, "नाई म्हनत म्हणून नाई म्हनत." दुसऱ्या साली ती पुन्हा मागं लागली. "तुम्ही पाटलाले इचारा. तुमचा शब्द नाई मोडत पाटील." मी म्हटलं, इचारतो. चार दिवसांनी तिनं ओट्यावर बसता बसता विचारलं, "काय म्हणला पाटील?" अन् मी म्हटलं, "नाई म्हणला."

मी पाटलाला विचारलंच नव्हतं.

कायले खोटं बोललो? लोक काय म्हणतील, हे भेव होतंच. आबाजीनं पोरीला तोरणाखाली आणलं, म्हातारचळ लागला, असं म्हणतील. पण खरं भेव दुसरंच होतं, ते आता लिहून टाकतो. ती माझ्यापेक्षा चांगली झडती म्हणायची. वॉर्डातल्या त्या दिवसापासून मला ते ठाऊक होतं. साऱ्या गावासमोर तिनं एक हाणली अन् मला उत्तर सुचलं नाही तर? चाळीस वर्षांत न सरकलेली जोडी एका पोरीनं सरकवली तर? ... जिच्यावर जीव होता, तिलाच मी आपल्या मिशीसाठी अडवून धरलं होतं. अन् ती म्हणाली, "जाऊ द्या आबाजी, तुम्ही इचारलं ना, बस झालं." त्या दिवशी जाताना ती माझ्यासाठी पाणी भरून ठेवून गेली.

मागच्या पोळ्याला ती छतावर बायांत उभी होती. मी खाली झडत्या हाणत होतो, अन् दरवेळी वर पाहत होतो, तिनं टाळी वाजवली का म्हणून. तिनं वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी पाटील पंचायतीत कसल्याशा दाखल्यासाठी गेला, अन् तिनं त्यालाच विचारून टाकलं. पाटील म्हणाला, मले तं कोनी इचारलं नाई बा. चार वाजता ती आली. बसली नाही. ओट्यासमोर उभी राहिली, तोरणाखाली उभं राहतात तशी, एक हात कमरेवर. गल्लीत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. अन् तिनं म्हटली,

"बंडीले चाक, चाकाले आख,
आबाजीच्या मिशीचा गावाले धाक!
मिशीखाली जीभ, जिभेले धार,
पोरीचं नाव काढलं का आबाजी गार!
सांगा पंचहो, पोळा हा कोनाचा?
बैल दोन शिंगांचा, आबाजी दोन मनांचा!"

मी खाली पाहत राहिलो. ती म्हणाली, "जवाब द्या."

"नाई सुचत."

"सुचत नाई का देता येत नाई?"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज फुटू दिला नाही. म्हणाली, "पुढच्या पोळ्यालोक टाइम देला तुम्हाले. तोपर्यंत मी इथं येनार नाई असं नाई. मी येतो. रोज येतो. पन ही झडती उधार नाई सोडनार." अन् ती खांबाला पाठ लावून बसली, अन् रोजच्यासारखं बोलायला लागली. पंचायतीत कोण आलं, कोणाचा सातबारा चुकला. तिनं चिडून जावं, आठ दिवस येऊ नये, असं मला वाटत होतं. ते सोपं गेलं असतं.

यंदा आषाढ संपायला आला तेव्हा मी पाटलाच्या घरी गेलो. जाताना मनात शंभर गोष्टी जुळवल्या होत्या, कसं पटवायचं म्हणून. पाटील दाढी करत होता. मी म्हटलं, "देवरावच्या पोरीले यंदा झडती म्हनाची हाये." पाटील गालाला साबण लावता लावता म्हणाला, "म्हनू दे ना. कोनं रोकलं?" ... बस. एवढंच. मी उभा राहिलो थोडा वेळ, अजून काही म्हणतो का म्हणून. त्यानं वस्तरा लावला गालाला.

तेव्हा परनाली दवाखान्यात होती. पावसाळ्यात तिला नेहमीच जावं लागे. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं गेलो. नाकाला नळी लावली होती, पण चेहरा बरा होता. डॉक्टर चार-पाच दिवसांत सुट्टी देतो म्हणाले होते. मी स्टुलावर बसलो अन् सांगून टाकलं. पाटलाले इचारलं म्हटलं, खरंच इचारलं या बखत. तिनं विचारलं, "मंग? काय म्हणला?" मी म्हटलं, "म्हन्ते, म्हनू दे, कोनं रोकलं." अन् मग तिला हसू फुटलं. नळी हलायला लागली, खोकला आला, तरी हसू थांबेना. तिची माय धावली पाठ चोळायला. खोकला थांबल्यावर ती म्हणाली,

"म्हन्जे आपले तीन साल फुकट गेले ना, आबाजी."

मला वाटते तिनं मनापासून गंमत म्हणूनच म्हटलं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. 'आपले' म्हणाली ती. तुमच्यामुळं माझे, असं नाही म्हणाली. मी तिच्या हाताला हात लावला, गरम होता. मी म्हटलं, "चुकलं माह्यं, परनाली." शहात्तर वर्षांत मी हे कोणाला म्हटलं नव्हतं. बुढीलाही नाही. ती म्हणाली, "ते जाऊ द्या. आठ दिवस मावशीकडं उमरखेडले जातो, मंग पोळ्याचं पाहू. मले लुगडं नेसाचं हाये तोरणाखाली. मायचं हिरवं. अन् जवाब तयार ठेवजा, मी सोडनार नाई." निघताना वळून पाहिलं तर तिनं एक हात वर केला, तो आमचा वॉर्डातला खुणेचा हात. कळ आली होती का नुसताच निरोप होता, ते मला कळलं नाही. भेटीची वेळ संपली होती. मी थांबलो नाही ... थांबायला पाहिजे होतं. तिसऱ्या रात्री तिच्या छातीत भरलं, सकाळपर्यंत संपलं सारं.

पोळा आला. जाऊ नये असं वाटत होतं. पण बैलांना काय सांगणार? धुतले, शिंगांना रंग लावला नाही, झूल टाकली नाही. देवरावच्या घरी यंदा सण नव्हता, तरी तोही आपली जोडी घेऊन तोरणाशी आला होता, तशीच, नुसती धुतलेली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. झडत्या सुरू झाल्या. तरण्या पोरांनी एकमेकांची उणीदुणी काढली, मोबाइलवर, निवडणुकीवर हाणल्या. माझी पाळी आली तेव्हा सारे गप झाले. आबाजी आज कोणावर हाणतो, म्हणून. मी पुढं झालो अन् तिची झडती म्हटली. 'बंडीले चाक'पासून 'दोन मनांचा'पर्यंत, सगळी. एकही ओळ मोडली नाही. लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं यंदा स्वतःवरच बांधली. छतावरच्या बायाही हसल्या. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "ही माही नाई. देवरावच्या परनालीची हाये. तिले इथं उभं राहून म्हनाची होती. पाटलानं रोकलं नव्हतं. गावानंबी रोकलं नव्हतं. मी रोकलं."

बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा होता. मग समोरच्या रांगेतून शंकर बोलला. तो माझ्या वयाचा, चाळीस वर्षांत माझ्याकडून सगळ्यांत जास्त वेळा हरलेला माणूस. आवाजात टोमणा नव्हता. तो म्हणाला, "आबाजी, झडती तुह्यावर हाये. जवाब द्या लागते."

मी म्हटलं, "नाई माह्याजवळ."

"तं मंग सरक."

मी दोर ओढला अन् जोडी बाजूला घेतली. बैलांना सवय नाही, ते आधी हलेनात. डावीकडचा तर पुढंच जायला पाहत होता. त्याला दोनदा ढकलावं लागलं. मोकळी जागा झाली, अन् देवराव तिथंच उभा. त्याला समजत नव्हतं काय करायचं. शंकर म्हणाला, "देवराव, तुह्या पोरीनं जितली. ने ना जोडी." देवरावनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, अन् बिनसाजाचे ते दोन बैल घेऊन तो साऱ्या गावाच्या पुढं तोरणाखाली उभा राहिला. वर छतावर तिची माय होती. मी वर पाहिलं नाही.

त्याला आता आठ दिवस झाले, ती गेली त्याला दीड महिना. चार वाजले की मी ओट्यावर येऊन बसतो, माझ्याच बाजूला. खांबाची बाजू मोकळी राहते. कोणी आलं तर मी त्यांना खाली खाट टाकून देतो, तिकडे बसू देत नाही, अन् काहून ते सांगतही नाही. बसल्या बसल्या उत्तर जुळवतो. झडती तिनं उधार सोडली नाही, मीही बुडवणार नाही. पहिली ओळ जमली आहे, दुसरी जवळपास जमली. चुलीपाशी, वावरात, आंघोळ करताना तोंडातल्या तोंडात घोळवत असतो. गावातले पाहतात अन् काही म्हणत नाहीत. अडते ते तिसऱ्या ओळीला. किती जोर लावला तरी माझी म्हणून येत नाही. कधी कधी आपोआप येते, एकदम, अन् मी खूश होतो ... मग ध्यानात येते की ती तिच्याच आवाजात आली आहे, अन् तीही माझ्यावरच हाणलेली आहे.